पहिली मशाल

१८ ऑक्टोबर
निघतानाही आईचं पुन्हा तेच. विल्फ्रिड दक्षिणेत गेला तो गेलाच, आता तूही जा, म्हणे. अगं, त्यालाच आणायला आलोय ना! वर्ष झालं, पत्र नाही, निरोप नाही; घरात बसून माळ ओढली तर भाऊ चालत येणार का? असो. गाव झकास आहे. नदी, खडूसारख्या पांढऱ्या टेकड्या, बिअर घरच्यापेक्षा दाट. लाकडाच्या वखारीत काम मिळालं. टॅपसेलबाईंकडे वरची खोली घेतली. बाई फाडफाड बोलतात, पण वाढताना हात आखडत नाहीत.

२३ ऑक्टोबर
इथे मी टॉम. खरं नाव ऑस्टिन सांगितलं की कुठला, कुणाचा, सगळं निघतं. आपल्या कॅथलिकांतल्या काहींनी फार पूर्वी राजाला पार्लमेंटसकट दारूगोळ्याने उडवायचा कट केला, तो फसला. त्याचा राग इथले लोक अजून दर पाच नोव्हेंबरला कटवाल्याचा पुतळा जाळून काढतात. म्हणून विल्फ्रिडचं नावही घेता येत नाही, तेही कॅथलिकाचंच. मुकादम पेलिंगला नुसतं विचारलं, उत्तरेकडचं कुणी इथे होतं का? तर म्हणतो, नाकात बोलणारा तू एक पुरे आहेस बाबा.

२९ ऑक्टोबर
पुतळ्यात पेंढा भरायचं काम माझ्याकडे. पहिली मशालही नव्या माणसानेच लावायची, अशी रीत. टॅपसेलबाईंनी दिलेल्या गाठोड्यातून जुने कपडे आले. ठासून भरलं, तरी सकाळी छाती बसलेली. हात लावला तर कोमट. ओला पेंढा तापतोच, पेलिंग म्हणाला, गवळ्याच्या पोराला एवढं कळू नये?

२ नोव्हेंबर
आज मेलेल्यांचा दिवस. मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. पुतळा खोकला. दोनदा, मग घसा खरवडून. विल्फ्रिड खोकायचा तसा. बाकीचे आपले हसतायत, डबे खातायत.

४ नोव्हेंबर
पुतळ्याच्या कोटाचं अस्तर उसवलेलं. आत हात घातला – आईचा टाका. काखेत बाबांच्या निळ्या सदऱ्याचं ठिगळ. इतके दिवस मी –
टॅपसेलबाईंना विचारलं, कपडे कुणाचे? म्हणाल्या, गेल्या हिवाळ्यात माझा एक भाडेकरू तापाने गेला. नाव विल एवढंच, गाव सांगेना. बेवारशाचे कपडे पुतळ्याला जातात. तुझ्याच पलंगावर गेला रे. शेवटपर्यंत ऑस्टी, ऑस्टी करत होता. कुणी पोरगी असेल, म्हणाल्या.
मी जिना चढून वर आलो.

५ नोव्हेंबर
मशाल हातात दिली. पाय उचलेना. पेलिंग ओरडला, काय रे टॉम, पोपचा जावई आहेस की काय? सगळे हसले. मीही हसलो.
लावली.
त्याने मान वळवली. ओरडला नाही. नुसतं ऑस्टी म्हणाला, झोपेतल्या माणसाला उठवावं तसं –

६ नोव्हेंबर
बाईंना खरं नाव सांगितलं. रडल्या. पहिल्याच दिवशी विचारायचंस रे पोरा. त्याची जपून ठेवलेली कमाई आणून दिली.
पलंग कोमट आहे. जळक्या लोकरीचा वास –
खोकला. जिन्यात.
दार लावणार नाही. थंडी वाजत असेल त्याला –
आई, पैसे पाठवतोय. त्याचे नि माझे मिळून दोन पौंड, अकरा शिलिं–