समुद्राला दिलेलं शहाळं

सान हुआन,
३० ऑगस्ट १९८५

तीर्थरूप आईस,
इतक्या लांबून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

चंद्रशेखरकाकांची डॉक्टरांची परिषद या बेटावरच्या जुन्या शहरात आहे. मुलं सांभाळायला त्यांनी मलाही टेक्सासहून आणलं. इथल्या किल्ल्याचा तट थेट समुद्राला लागतो, आपल्याकडच्यासारखाच. ऑगस्टात वादळं होतात म्हणून हॉटेल स्वस्त मिळालं. पण काळजी करू नकोस, आज ऊन आहे. तिकडे वारा कसा आहे?

आज नारळी पौर्णिमा. बाबा गेल्यापासून त्यांची होडी घेऊन आपला धाकटा रघू पहिल्यांदाच निघणार, म्हणून त्याच्या नावाने मीही नारळ द्यायचं ठरवलं. इथे शहाळंच मिळालं, आणि मी नको म्हणेपर्यंत विकणाऱ्याने ते कापून नळीसुद्धा खोचली.

कांचनकाकू हसल्या. "समुद्राला स्ट्रॉने पाजणार का रे, सदू?" पण दुसरं अख्खं शहाळं त्यांनीच घेऊन दिलं.

लाटेने ते दोनदा परत आणलं. मग मी थोडा आत जाऊन सोडलं. पाणी कमरेएवढंच होतं. ते दिसेनासं होईपर्यंत काकूही मुलांना घेऊन थांबल्या.

हे पत्र पोचेपर्यंत रघू परतलाही असेल. त्याला स्वतःच्या हाताने उत्तर लिहायला सांग. 'आलो' एवढंच लिहिलं तरी पुरे.

तुझा,
सदानंद