सातवी जागा

जळगाव,
२३ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप लताअक्का,
नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आईचे डोळे बरे आहेत, थेंब टाकायला आता कुरकुर करत नाही. प्रमिलाची कंबर होती तशीच. केळीचे घड यंदा भरलेत असं पितांबररावांकडून कळलं, बरं वाटलं.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "दोन महिने तू नरडाण्याच्या जिनात करतोस तरी काय? हे रविवारी घरी आले की म्हणतात, लीलाधरभाऊ दिवसभर एका डब्याकडे बघत बसतात." तर नीट सांगतो. अर्धवट सांगणं मला जमत नाही, तुला माहीत आहे.

कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटर जोडायची जागा असते. तिथे पंचवीस पिना. एक्क्याण्णव साली मी तिथे प्रिंटरऐवजी रुईच्या गाठी बांधायची प्रेस जोडली. एका पिनेवर मोटर, एकीवर तेलाचा दाब, अकरा नंबरवर रुई दाबायच्या पेटीच्या दाराचा स्विच. माझा प्रोग्राम पिनांना नंबराने ओळखायचा आणि परस्पर हात लावायचा. सात वर्षं चाललं. आता बन्सीलालशेठना त्याच कॉम्प्युटरवर वजनकाटाही हवा, आणि जुन्या सिस्टीमला एका वेळी एकच काम जमतं. म्हणून मी लिनक्स घातली. तिची सीडी एका मासिकासोबत फुकट आली होती.

या सिस्टीमच्या पोटात कर्नल असतो. सरकी फोडली की आत मगज निघतो ना, तसा. बाकी सगळं टरफल. हा मगज कुठल्याही प्रोग्रामला पिनेला परस्पर हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग मी मगजातच एक तक्ता बसवला. प्रोग्रामने यापुढे नंबर विसरायचा आणि नाव घ्यायचं, 'दार'. ते कुठल्या पिनेवर आहे, पिन सुलटी की उलटी, ते मगज बघेल.

उलटी म्हणजे काय? अकरा नंबरची पिन जन्मतःच उलटी आहे. तारेत वीज असली की कॉम्प्युटरला 'नाही' दिसतं. जुन्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे दाराची चौकशी होती, तिथे तिथे मी उत्तर फिरवून घेत होतो. आता तक्ताच फिरवून देतो, म्हणून प्रोग्राममधली फिरवाफिरव काढायची. सहा जागी होती. सहाही काढल्या. शेठनी नाशिकहून एक इंजिनियर बोलावला होता. तासभर बघून त्याने विचारलं, "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?" मी म्हटलं, "नवी पेठ, रेडिओ दुरुस्ती." त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.

आमचा वायरमन रतिलाल मात्र हट्टी. जुन्या जोडणीत दाराच्या स्विचची एक तार थेट मोटरलाही जात होती. दार उघडलं की कॉम्प्युटर काही म्हणो, मोटर बंद. मी ती काढायला लावली. एका दाराला दोन मालक नकोत. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना भाऊ."

"का रे, माझ्यावर भरोसा नाही?"

"भरोसा बठ्ठा शे भाऊ. पन तार ती तार."

सगळे हसले. तार मी काढायला लावलीच.

एक नवी सोयही केली आहे. रुई अडकली की प्रेस आपोआप थांबते. दार उघडायचं, रुई ओढून काढायची, दार लावायचं. पाच मोजेपर्यंत प्रेस पुन्हा सुरू, बटण दाबायला नको. पितांबरराव म्हणाले, "म्हंजे आमाले कामच नाही ठेवलं तुम्ही. पगार तरी ठेवसान ना?" ते प्रेसवर माझ्या डोळ्यांसमोर आहेत, तू काळजी करू नकोस. खंडेनवमीला मशीनची पूजा, दसऱ्यानंतर हंगाम.

तुझा
लीलाधर

&nbsp;

जळगाव,
२७ ऑक्टोबर १९९८

अक्का,
भाऊबीजेला मी रावेरला आलो. तू पाट मांडला नाहीस, चहा दिलास. मी चहा घेतला आणि दोनच्या गाडीने परत आलो. मला राग नाही. ज्या बाईच्या नवऱ्याचा उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला, तिने पाट मांडावा अशी अपेक्षा करणारा मी नव्हे.

पण तू दारात जे विचारलंस, त्याचं उत्तर द्यायला हवं. "तुह्या मशीननं खाल्ला का त्यायचा हात?"

नाही.

हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, काम करणारा माणूस म्हणून सांगतो. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी सव्वातीनला हे झालं. तपासणीचे साहेब तिसऱ्या दिवशी धुळ्याहून आले. त्यांच्यासमोर मी मुद्दाम रुई अडकवली, दार उघडलं. प्रेस हलली नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. नऊ वेळा दाखवलं. माझी चाचणीची वही त्यांनी पाहिली. हंगामाआधीच्या आठही चाचण्यांपुढे खूण आहे, खाली माझी सही आहे. साहेब म्हणाले, अशी वही त्यांनी मोठ्या कारखान्यातसुद्धा पाहिली नाही.

स्विचपाशी लाकडाची एक चीप सापडली. जुन्या काळी दोन-चार जण अशी चीप खोचून स्विच दाबून ठेवायचे. दार उघडं असलं तरी मशीनला बंद वाटायचं, वेळ वाचायचा. पितांबरराव म्हणतात, मी चीप लावली नाही. घाईत माणूस काय करतो ते त्यालाच आठवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. साहेबांनी जे लिहिलं ते लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' शेठनी कामावरून कमी केलं. ते मला आवडलं नाही, पण कारखाना माझा नाही.

त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या जीपमध्ये मी का बसलो नाही, हेही तू विचारलंस. मशीन कुणीतरी बंद करायला हवी होती. तशीच सोडता येत नव्हती.

आईला अजून सांगितलेलं नाही. पितांबररावांना ताप असेल तर कळव. ड्रेसिंगचं सामान इथून पाठवतो.

लीलाधर

&nbsp;

जळगाव,
३० जानेवारी १९९९

लताअक्का,
आणि पितांबरराव,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे. अक्का, ते घरी असतील तेव्हाच उघड आणि मोठ्याने वाच. मध्ये थांबू नकोस.

संक्रांतीनंतर पितांबरराव एकटेच इथे येऊन गेले, हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. भुसावळला गाडी बदलून आले होते. तिळगुळाचा डबा होता. तो मला द्यायला डावा हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. डाव्या हाताने तिळगूळ कसा द्यायचा? त्यांनी डबा खाली फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "घ्या भाऊ, गोड बोला."

मी डबा उचलला. प्रमिला पाणी घेऊन आली. थोडा वेळ केळीचं बोलले, थंडीने घड काळे पडताहेत म्हणाले. मग म्हणाले, "भाऊ, एक बोलायचं व्हतं. मी साहेबाफुडे नाही-नाही करत बसलो. आता लय इचार केला. तुम्ही शिकलेले, तुम्ही नऊ डाव दाखवलं. मंग लावलीबी असंन मी चीप. ध्यानात नाही. माह्याच्यानं तुमच्या मशीनचं नाव खराब झालं. तुम्ही मनात काही ठेवू नका."

प्रमिला तिथेच उभी होती. तिच्यादेखत मी म्हटलं, "जाऊ द्या पितांबरराव, झालं ते झालं." एवढंच म्हटलं मी. ते जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. जेवताना चपाती एका हाताने तुटत नव्हती. प्रमिलाने तोडून दिली.

आज त्याला पंधरा दिवस झाले. आता जे खरं आहे ते लिहितो.

फिरवाफिरवीच्या सहा जागा नव्हत्या. सात होत्या. सातवी मीच घातलेली होती, त्या नव्या सोयीत, बटण न दाबता प्रेस सुरू करण्याच्या. तो तुकडा मी जुन्या प्रोग्राममध्ये मे महिन्यात घरीच लिहिला, तक्ताही घरीच, जूनमध्ये केला. फिरवणं काढायच्या जागा मोजल्या त्या जुन्या छापील कागदावरून. त्या कागदावर मे महिन्यातलं काही नव्हतंच.

त्यामुळे त्या एका जागी दाराचं उत्तर दोनदा फिरत होतं. बाकी सगळीकडे बरोबर. रोजचं काम बरोबर. फक्त रुई अडकली की प्रोग्रामला बंद दार उघडं दिसायचं आणि उघडं दार बंद दिसायचं. रुई अडकली, प्रेस थांबली. तुम्ही दार उघडलंत. त्याला वाटलं, दार लागलं. त्याने पाच मोजले. मी सांगितलं होतं तसे, बरोबर पाच.

पितांबरराव, तुम्ही चीप लावली नव्हती. ती चीप तिथे जुन्या प्रोग्रामच्या काळापासून पडून होती. तिच्या एका बाजूला निळा रंग लागलेला आहे. तो रंग मीच प्रेसला त्र्याण्णव साली दिला होता. साहेबांनी ती हातात घेतली तेव्हा मी ओळखली होती.

मग वहीतली आठवी खूण कसली, असं तुम्ही विचाराल. आठवी चाचणी म्हणजे रुई अडकवून दार उघडायचं. सात चाचण्या खंडेनवमीला सकाळी झाल्या. मग शेठची मंडळी पूजेला आली. मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. मी बटणाकडे हात नेला तर रतिलालने धरला. "भाऊ, आते मशीनले हात नका लावू. पूजा व्हई गयी." पूजेनंतर त्या दिवशी मशीन चालवत नाहीत, हे मीही लहानपणापासून पाळत आलो आहे. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी मुहूर्ताची पहिली गाठ, गावातली माणसं जमलेली, पेढे. त्यात मी कुणाला म्हणू, थांबा, माझं एक राहिलंय? सहा जागा मी स्वतः मोजल्या होत्या. मी खूण केली आणि सही केली. माझ्या आयुष्यातली तेवढी एक खोटी खूण. पण तुमच्या हाताला ती एकच पुरली.

यापुढचं लिहायला मला आठ दिवस लागले.

जीप तुम्हाला घेऊन धुळ्याला निघाली तेव्हा मला जागा होती. रतिलालने सरकून दिली होती. मी म्हटलं, मशीन बंद करून येतो. मशीन बंदच होती. मी कॉम्प्युटरपाशी बसलो. प्रेस पुसलेली नव्हती, पेटीतल्या रुईचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. मी तिकडे पाठ करून प्रोग्राम वाचत होतो. चाळीस मिनिटांत सातवी जागा सापडली. दोन अक्षरं खोडली. मग मी उठलो, दार उघडून पाहिलं, प्रेस हलली नाही. आणि मला, तुम्हाला खोटं वाटेल, क्षणभर बरं वाटलं. काम बरोबर झालं म्हणून.

साहेबांना मी नऊ वेळा दाखवली ती दुरुस्त केलेली मशीन होती.

रतिलालला मी आतापर्यंत काही सांगितलेलं नव्हतं. परवा सांगितलं. त्याने विडी विझवली. मग म्हणाला, "माले तवाच माहीत व्हतं, भाऊ. तुम्ही जीपमां बठ्या नहीत ना, तवाच." तार ती तार, असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

काल मी धुळ्याला जाऊन साहेबांच्या कचेरीत लेखी जबाब दिला. मी कुठलीही आवृत्ती पुसत नाही, सवय आहे. दुपारी सव्वातीनला जो प्रोग्राम चालू होता तो आणि चार वाजता जो झाला तो, दोन्ही फ्लॉप्या त्यांच्या ताब्यात दिल्या. तारीख-वेळ फायलीवरच असते, ती कुणाला नाकारता यायची नाही. शेठना आधी सांगितलं. ते म्हणाले, "लीलाधर, मिटलेलं आहे. कशाला उकरतोस? तुला पुन्हा खान्देशात कुणी मशीनला हात लावू देणार नाही." बरोबर बोलले. देऊही नये.

जबाबाची नक्कल सोबत आहे. ती लोखंडी पेटीत ठेवा. उद्या माझं मन फिरलं, किंवा मला कुणी फिरवलं, तरी ती तुमच्याकडे असेल. माझा आता माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

प्रमिलाला सांगितलं. ती आईला घेऊन आतल्या खोलीत झोपते. ते माझं मी बघीन.

पितांबरराव, आठ फेब्रुवारीला सकाळी अकराला धुळ्याला फेरजबाब आहे. तुम्हाला बोलावणं येईल. साहेब पुन्हा विचारतील, चीप लावली होती का? तिथे शेठचा माणूसही बसलेला असेल. 'असंन' म्हणू नका. 'ध्यानात नाही' म्हणू नका. मी म्हणालो म्हणून तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानलंत. त्या दिवशी तसं करू नका. तुम्ही पहिल्या दिवशी जे म्हणालात, तेच म्हणा. नाही लावली.

अक्का, तोपर्यंत रोज एकदा त्यांच्याकडून ते म्हणवून घे.

माफी मागत नाही. मागितली तर पितांबरराव देतील, ते मला ठाऊक आहे.

पत्राच्या शेवटी नात्याने जे लिहितात ते आज लिहीत नाही.

लीलाधर उखर्डू झांबरे