घरचं उदाहरण

दि. ३

ती. ताईस, सा. न.

कडी वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेऊन परत आले. आत इस्त्री फिरत होती.

तू प्रशिक्षणात सांगितलंस तेच केलं. संगणकाचा पाठ मुलांच्या घरापासून सुरू करा, असं तूच आम्हा शिक्षकांना शिकवलंस. क्रमवारी शिकवायची होती. सातवीतल्या एका मुलीच्या घरी लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देतात. तिला फळ्याजवळ बोलावून म्हटलं, ढीग कसे लावता ते सांग. मागून कुणीतरी म्हणालं, माझी चड्डी कुठल्या ढिगात असते तेही विचारा. वर्ग हसला. निम्म्या वर्गाचे कपडे तिच्याकडेच जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही.

अकरा तारखेला परीक्षक माझा पाठ बघणार. पसंत पडला नाही तर संगणकाचा वर्ग माझ्याकडून जाईल. पण जीव तिच्यात अडकलाय. लवकर लिही. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

धाकटी

दि. ६

चि. धाकटीस, अ. आ.

रागावले नाही, घाबरले. इतक्या शिक्षकांना हेच सांगितलंय, आणि ज्याच्या घरचं घ्याल त्या मुलाला आधी विचारा, हे एकदाही नाही.

तिच्या आईकडे जाऊ नकोस, ती पोरीलाच बोलेल. मुलीशी बोल. विचारून झालं की गप्प बस. तेवढं तुला जमत नाही. वेळेवर जेव. माया आहे तशीच आहे.

ताई

दि. १०

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र येईपर्यंत मी तिच्या आईला भेटून चुकले होते. ती म्हणाली, बाई, घरच्या कामाची लाज वाटणारी पोर घरीच बरी, हाताखाली तरी येईल.

आज पुन्हा गेले. शाळेत येशील का, एवढं विचारून गप्प बसले. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, येईन, पण आमच्या घरचं काढायचं नाही, तुमच्या घरचं सांगा.

परीक्षकांना नेमकं उलट, मुलांच्या घरचंच उदाहरण हवंय. आठवण ठेव.

धाकटी

ता. क. दि. ११. सकाळी ती आली, दाराजवळच्या बाकावर बसली. मी आपल्या भावंडांची आंघोळीची रांग सांगितली: लहान आधी, मोठं मागे, आणि तू गुडघे वाकवून पुढे घुसायचीस. परीक्षकांनी शेरा दिला, उदाहरण मुलांच्या घरचं नाही, पाठ नापसंत. ती शेवटच्या तासापर्यंत होती.