गुच्छ की नुसतं भोक?

४ मार्च, सोमवार
गुच्छ आहे. आहेच! अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रांचे तुकडे डोळे फुटेस्तोवर चाळत होते, आणि आज आकाशगंगेच्या धुळीआड ताऱ्यांची ही दाटी दिसली. सर चष्मा कपाळावर चढवून वाकले. "दिसतोय तर खरा. लेखात पहिला हाच घाल. तुझ्या नेमणुकीची मुदत वाढवायची तर समितीपुढे काहीतरी ठेवायला हवं ना मला!"
नाही वाढली तर महिनाअखेर टेबल रिकामं करायचं. नवरा म्हणाला, "मग आता तरी झोप."

५ मार्च
झोप नाही. आईनं सगळ्या नात्यात सांगून टाकलंय – पोरीला तारा सापडला! "तारा नाही गं, तारकागुच्छ." "तेच ते. मावशी विचारतेय, नाव तुझंच देणार का?"

७ मार्च, गुरुवार
गुच्छाच्या कडा फारच रेखीव आहेत. तारे असे कुंपण घालून बसत नाहीत. तिथे धूळच विरळ असेल तर? मग मागचे साधे तारे त्या भोकातून दिसणार, आजूबाजूचे झाकलेले राहणार, आणि आपल्याला वाटणार – गर्दी! आणखी लांब लहरींचं चित्र धुळीच्या पार बघतं. ते शेजारी लावलं की सोक्षमोक्ष. नाही लावलं. हिंमतच होईना. लेख उद्या जायचाय.

८ मार्च
लावलं. लपलेले तारेही वर आले आणि माझा गुच्छ त्यांच्यात विरघळला. भोक! नुसतं भोक!!
जिन्यात बसून राहिले. गप्प बसावं का? कोण बघतंय? शेवटी सरांकडे जाऊन सांगून टाकलं. रडायचं नाही ठरवलं होतं, तरी रडलेच. सर दोन्ही चित्रं बघत बसले आणि चक्क हसले! "अगं, लेख गेला खड्ड्यात. ही तपासणीच दाखवू समितीला. आमच्या जुन्या गुच्छांनाही लाव. पहिला माझाच घे – ऐन तिशीत शोधलेला. आजवर त्याच्याच जिवावर मिरवतोय मी. बघ, जागचा हलायचा नाही."
हुश्श! जीव भांड्यात पडला.

११ मार्च, सोमवार
सरांचाही गुच्छ नाही. भोकच आहे. परतपरत पाहिलं.
मघाशी सर दारातून डोकावले. "काय म्हणतोय माझा?"
मी म्हटलं, "चित्र अजून उघडतंय, सर."