आईची धाकटी

बंड्या,

तुझ्या साहेबपणाला शोभेल असा मायना मला जमायचा नाही. कालचं तुझं भाषण टीव्हीवर पाहिलं. "घुसखोरांना दयामाया नाही. सुरुवात मी माझ्याच घरापासून केली," म्हणालास आणि टाळ्या थांबेनात.

आईला सांभाळायला त्या बाईला तूच आणलंस, कागदपत्रं न विचारता. सहा वर्षं तिने आईला कूस बदलून दिली, आईची नखं कापली, वर बोलणी खाल्ली. मंगळवारी तुझ्या खात्याचं पथक आलं तेव्हा ती आईचे केस विंचरत होती. आई अंथरुणातूनच कडाडली, "ही माझी धाकटी लेक आहे. हात तर लावून बघा!"

अधिकारी भला होता. त्याने वही मिटली आणि मला विचारलं, "ही तुमची बहीण ना, ताई?" मी नुसतं हो म्हटलं असतं तर तो आल्या पावली परत गेला असता.

मला तुझी निवडणूक आठवली. मी नाही म्हटलं.

तिने कंगवा माझ्या हातात दिला. म्हणाली, "गुंता खालून सोडवा. ओढलं की त्यांना दुखतं."

हे पत्र मी पाठवणार नाही. तेवढी हिंमत असती तर तेव्हाच हो म्हटलं असतं.

आज डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, मुलं किती?"

"एकच मुलगी होती," आई म्हणाली. "तिला नेलं."

मी कंगवा घेऊन उशाशीच उभी होते.

आता फक्त तुझीच,
ताई