सहा दिवस चुलीला हात नाही

२१ सप्टेंबर २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. रिटायर्ड माणसाने विचार लिहून ठेवले पाहिजेत, नाहीतर वाया जातात.
मोठा निर्णय. ‘कावेरी वैभव’ या लक्झरी ट्रेनची दोन तिकिटं आमच्या मुलीने, सहानाने, बंगळूरहून बुक केली. ११ ऑक्टोबरला बंगळूरला बसायचं, सहा दिवस फिरून तिथेच उतरायचं. १९८९ साली लग्न झाल्यावर तुंगाला उटीला नेतो म्हणालो होतो. प्रत्यक्षात सोसलेच्या मठात गेलो, सोबत आई, अण्णा आणि दोन आत्या. तिथेही सगळ्यांचं रांधलं तुंगानेच. ही गोष्ट मला अधूनमधून टोचते.
संकल्प: सहा दिवस तुंगाने चुलीला हात लावायचा नाही. तसं तिला जाहीर सांगितलं. ती म्हणाली, बघूया.

२४ सप्टेंबर, बुधवार
शेजारच्या गुंडेरावांना सहज सांगितलं. हे गृहस्थ स्लीपर क्लासने काशीला जाऊन आले आणि मैसूरच्या आमच्या अख्ख्या सरस्वतीपुरमला फोटो दाखवत सुटले. आमच्या गाडीत बटलर असतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तो करतो काय? मी म्हणालो, सगळं. नक्की काय ते बघून ठेवायला हवं.
ब्लेझर घेतला. नेव्ही ब्लू. मानेला टोचतो, पण रुबाब आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दसरा आटोपला. उद्यापासून चातुर्मासाचा चौथा महिना, म्हणजे डाळ बंद. सारू नाही, हुळी नाही, म्हणजे आमटी-सांबार काही नाही, इडली-दोसासुद्धा नाही. आमच्या घरात हे व्रत पिढ्यानपिढ्या आहे. गाडीचा मेनू फोनवर वाचला. डाळ, पुन्हा डाळ, आणि कांद्यात बुडवलेलं बरंच काही.
ट्रेनसाठी व्रत मोडणारा मी नव्हे. उपाय सोपा आहे: थोडा फराळ सोबत न्यायचा. अगदी थोडा. तुंगाने विचारलं, करणार कोण? विचारण्याचा सूर आवडला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
चार दिवस तुंगा स्वयंपाकघरातच आहे. पण हे दिवस त्या सहात धरायचे नाहीत. दशम्या, तांदळाच्या चकल्या, भाजलेली अवलक्की म्हणजे पोहे, आणि मिरसारूची, म्हणजे बिनडाळीच्या मिरीच्या साराची पूड. पूड कमी तिखट झाली, ती पुन्हा करायला सांगितली. देखरेख करून मीही दमलो.
छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर बॅगेत टाकला. त्याला चूल म्हणता येणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
प्रवासाचा कार्यक्रम प्रथमच नीट वाचला. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम: मैसूर.
सहानाला फोन केला. म्हणाली, अप्पा, पहिल्याच पानावर होतं की. माझं लक्ष डायनिंग कारच्या पानावर होतं. म्हणजे इथून बंगळूरला जाऊन, गाडीत बसून, रात्रभर प्रवास करून आम्ही मैसूरला पोचणार. गुंडेरावांना कळता कामा नये. तुंगालाही सांगितलं नाही. तिला सरप्राइज.

११ ऑक्टोबर, शनिवार. गाडीत
हार, सनई, गार सुगंधी टॉवेल. तुंगाने टॉवेल तोंडावर धरला आणि हाय् म्हणून हसली. सहाना पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाली तेव्हा अशी हसली होती. मला फार बरं वाटलं.
बटलर ‘सर’ म्हणतो.
संध्याकाळी सगळे डायनिंग कारला गेले. मी तत्त्व म्हणून केबिनमध्ये. तुंगा म्हणाली, मी सुम्ने, उगाच आपली बसून येते, शेजारच्या केबिनमधल्या धारवाडच्या वनजाबाई बोलावतायत. मी म्हणालो, एकटी बरी दिसत नाहीस, आणि भात कोण लावणार? बाथरूममध्ये प्लग होता. तिने कुकर लावला. वाफेने छताचा अलार्म वाजला. बटलर आणि आणखी दोघे लाल सिलिंडर घेऊन आत आले. मी त्यांना व्रताची माहिती दिली. त्यांनी कुकर नेला.
कोरडी दशमी. झोप बरी.

१२ ऑक्टोबर, रविवार. मैसूर
तुंगाने पडदा सारला आणि म्हणाली, अय्यो, हे तर आपलंच स्टेशन. सरप्राइज यशस्वी.
बसने राजवाडा दाखवणार होते. ब्लेझर घालून, गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून मी स्वतःच्या गावात फिरायचं? कोणी पाहिलं तर? शिवाय पोटात गरम काही नव्हतं. सुचवलं, रिक्षाने दहा मिनिटांत घर, ताजा भात-मिरसारू खाऊ आणि संध्याकाळी गाडीवर येऊ. तुंगा म्हणाली, मला राजवाडा बघायचाय. आजवर पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरूनच बघितला. मी म्हणालो, राजवाडा कुठे पळून जातोय?
जेवण अप्रतिम. तीनदा भात घेतला. पाच मिनिटं आडवा होतो. साडेचारला उठवायला सांगितलं आहे.

त्याच दिवशी, ६.५०
गाडी सहाला सुटली. तुंगा घरात नाही. मिरसारूच्या झाकणावर चिठ्ठी: ‘दोनदा उठवलं. पाच मिनिटं म्हणालात. मी जाते. सारू उद्या सकाळपर्यंत पुरेल.’
घाबरली असणार बिचारी. पुढच्या स्टेशनवर उतरेल. ब्लेझरची बॅग तिच्याकडेच आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
उतरली नाही. हंपीहून फोन आला. मी म्हणालो, रात्रीच्या बसने येऊन तुला गाठतो. ती म्हणाली, बेड, नको, तुमचं पथ्य तिथेच सांभाळा. मागे बायकांचं हसणं. वनजाबाईंनी फोटो पाठवला: तुंगा, चांदीचा चमचा, वाटीभर डाळ.
ताबडतोब फोन केला. आपलं व्रत, म्हणालो. ती म्हणाली, व्रत तुमचं हो. छत्तीस वर्षं माझ्यापुरती वेगळी डाळ शिजवणार कोण होतं?
सिग्नल चांगला होता, तरी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
भात लावला. खाली करपला, वर कच्चा. मधला थर ठीक होता. मीठ सापडलं नाही. तिला फोन करून विचारणार नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
गुंडेरावांनी खिडकीतून पाहिलं. लक्झरी ट्रेन लवकर आली का, विचारलं. त्यांच्या घरून बिसीबेळे भात आला. त्यात डाळ असते, हे खरं. पण ती शिजून इतकी एकजीव होते की तिला डाळ म्हणणं अन्याय आहे. दोनदा घेतला. डबा घासून परत दिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
संकल्प जवळजवळ तडीस गेला! रविवारची दुपार सोडली तर तुंगाने चुलीला हात लावलेला नाही. याचं श्रेय नियोजनाला.
घर झाडलं. भात पुन्हा लावला, या वेळी मिठासह. ती संध्याकाळी पोचेल म्हणून दोन ताटं मांडली.
सात वाजता फोन. बंगळूरहून वनजाबाईंबरोबर परस्पर धारवाडला चालली आहे, चार दिवस. पुढच्या वर्षी त्या दोघी राजस्थानच्या गाडीने जाणार, बुकिंगही ठरलं. मी विचारलं, किती सीट्स? दोन, म्हणाली. मग तिने विचारलं, बिसीबेळे भात कसा होता? गुंडेरावांच्या घरून फोन आला होता म्हणे.
बरा होता, म्हणालो. तू केलेल्यासारखा नव्हता, असंही म्हणणार होतो, पण तिला कोणीतरी जेवायला हाक मारली.
एक ताट उचलून ठेवलं.