कडूबाची पायरी

६ मे, मंगळवार

समस्त मानवजातीसमोर अत्यंत जड अंतःकरणाने तक्रार नोंदवतो की माझ्या खोलीत खुर्ची नाही. राज्यात खुर्चीपायी एवढी मारामारी चालू असताना एका गरजू माणसाला एक मिळू नये? बाज आहे, माठ आहे, खिडकी आहे, भिंतीवर येशू आहे. लिहायला-जेवायला मात्र जमीन. माझे गुडघे म्हणजे गंजलेली बिजागरं. त्रेपन्नाव्या वर्षी मी जमिनीवर बसतो तो पडल्यासारखा, आणि उठतो तो कुणी उचलल्यावर.

बाकी आगमन झकास. धामणगाव बढेपासून गोकुळच्या रिक्षात आलो. मी लेखक आहे म्हटल्यावर म्हणाला, म्हंजे सध्या काही करून नाही राह्यले? माझा नाशिकच्या पेपरातला खोचक स्तंभ बंद झाल्याची बातमी इथवर पोचली की काय! पुढच्या वर्षी या टेकडीवरच्या चर्चची शताब्दी. त्याचा इतिहास आणि बांधकाम यावर मी पुस्तिका लिहायची, त्या बदल्यात राहणं-जेवण आणि थोडं मानधन. फादर ऋत्विक तरुण आहेत, हसरे आहेत. माझे जुने लेख त्यांनी वाचलेले नाहीत, हे माझं नशीब.

७ मे, बुधवार

लांबून चर्च पाहिलं तर एखाद्या जिनिंग फॅक्टरीला उतारवयात देव आठवला असावा असं वाटतं. कारण साधं आहे. १९२६ साली नकाशा काढला परदेशी फादरांनी, पण बांधलं ते कडूबा पाथरवटाने, आणि त्याचा हात खामगावच्या कापसाच्या जिनांवर बसलेला. म्हणून काळ्या दगडाच्या जाड भिंती, हवेसाठी उंचावर अर्धगोल खिडक्या, छपराला आधार म्हणून सागाच्या कैच्या, वर कौलं. मनोरे दोन ठरले होते, कापसाचा भाव पडला तेव्हा एकावर भागवलं. आत निळ्या अंगरख्यातली मरियामाता, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कुणबी, बौद्ध, कॅथलिक, सगळ्यांचे नवस इथे येतात.

खरी नवलाई समोरच्या बावन्न पायऱ्यांची. नवस पावला की गुडघ्यांवर चढायचं. शंभर वर्षांत प्रत्येक पायरीवर दोन खळगे पडलेत, ओंजळभर पाणी राहील असे. फक्त शेवटची, बावन्नावी, कोरी. तिथे लोक उठून उभे राहतात आणि ती पायांनी ओलांडतात. फादर म्हणाले, जुनी रीत आहे. शालूबाई इथली स्वयंपाकीण, झाडणारी आणि माझ्या मते खरी धर्मगुरू. ती म्हणाली, थे कडूबाची हाये. मी वहीत लिहिलं : भाविकांना एका पायरीची सूट.

८ मे, गुरुवार

पायऱ्यांची मापं घेतली. बावन्नावीवर टेप धरायला गुडघे टेकावे लागले. ब्रह्मांड आठवलं. समोर उघड्या दारातून माता दिसत होती. म्हटलं, बाई, एवढे गुडघे बरे कर, याच गुडघ्यांवर तुझ्या सगळ्या पायऱ्या चढतो. मोठ्याने म्हटलं. स्वतःच हसलोही, कारण मागायचे तेही गुडघे आणि द्यायचे तेही गुडघेच. नवस बोलणाऱ्यांवर मी आजवर चाळीसेक लेख लिहिलेत, त्यात हा विनोद सापडला नव्हता.

शालूबाईचा खराटा मध्येच थांबला. तुमाले त्याच्याच पायरीवर बसून बोलाचं होतं काय जी, असं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

९ मे, शुक्रवार

सकाळी मांडी घालून बसलो. उठलो. पुन्हा बसलो. कळ नाही, कुरकुर नाही. बारा वर्षांनी उकिडवा बसून दात घासले. इथली कोरडी हवा, दुसरं काय.

शालूबाईने भाकरी वाढता वाढता सांगितलं, आजच चढून घ्या, ऊन व्हायच्या आत. मी म्हटलं, तो विनोद होता. ती म्हणाली, तिले इनोद नाही समजत. फादर आठवड्यासाठी अमरावतीला गेले.

१० मे, शनिवार

दुपारी बाराला सगळं चिडीचूप. पारा चव्वेचाळीसवर, पाखरूही उडत नाही. पायऱ्यांच्या माथ्यावर, चर्चच्या ओसरीत लिहीत बसलो होतो आणि खालून आवाज आला. खर्र. थोडं थांबून, खर्र. सरकीचं पोतं दगडावरून ओढावं तसा. उठून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या, डोळे दिपतील अशा पांढऱ्या. आवाज अगदी तळाच्या पायऱ्यांवरून येत होता. मोजला, नऊ वेळा. मग बंद.

कुणीतरी विळा घासत असेल.

११ मे, रविवार

पुन्हा बाराला. आज पंधराव्या-सोळाव्या पायरीपाशी. मी खाली उतरून गेलो, इतका काही भित्रा नाही. सोळावीच्या खळग्यांत ओल होती. दोन्ही खळग्यांत. बघता बघता उन्हाने ती आटली आणि तपकिरी डाग उरले.

खोलीत येऊन पायजमा वर केला. दोन्ही गुडघे सोललेले. मी कुठेही पडलो नाही. कुठेही टेकलो नाही. आणि दुखत नाही, हे सगळ्यात वाईट.

१२ मे, सोमवार

शालूबाईला गुडघे दाखवले. ती घाबरली नाही, चिडली. सांगतलं होतं ना तुमाले! मग भिंतीला टेकून बसली आणि सगळं सांगितलं.

कडूबाची पोरगी तापाने जाऊन राह्यली होती. त्याने नवस केला, पोरगी वाचली तर गुडघ्यांवर चढीन. पोरगी वाचली. कडूबा म्हणाला, ह्या पायऱ्या मी गुडघ्यांवर बसूनच घडवल्या, झाला माझा नवस. लोक म्हणाले, नाही झाला बे. वर्षभराने, मे महिन्यात, भर दुपारी तो एकटाच चढायला लागला. एक्कावन्नावीवर जीव गेला. एक राहिली.

म्हणून ती कोणी घेत नाही. आणि जो नवस बोलून फेडत नाही, त्याचा नवस फेडाले कडूबा येते. त्यात आपलीबी उरलेली फेडून घेईन म्हणते. पण त्याचे गुडघे तर घासून गेले. म्हणून तो नवसवाल्याचे घेते.

मी हसायचा प्रयत्न केला. मग कपाटातली पहिल्या फादरांची इंग्रजी वही काढली. मे १९२७. कडूबा आज दुपारी गेला. एक्कावन्नाव्या पायरीवर सापडला. गुडघ्यांना मांस नव्हतं.

बारा वाजले तेव्हा वही हातातच होती. आवाज तेविसाव्या पायरीपर्यंत चढला.

शालूबाई म्हणाली, अजून वेळ हाये, उद्या पहाटे चढा. मी? चाळीस लेख लिहिणारा मी? तिला म्हटलं, मी डॉक्टरकडे जातो.

१३ मे, मंगळवार

मागच्या कच्च्या रस्त्याने गोकुळसोबत निघालो, पुढे जीप, साडेअकराला खामगाव. डॉक्टरांनी विचारलं, मोटरसायकलवरून पडलात का. मी घड्याळ पाहत होतो. बारा वाजले आणि पट्टीखाली काहीतरी सरकलं. त्यांच्यासमोर. मी टेबलावर आडवा, पाय सरळ, आणि पांढरी पट्टी मधोमध लाल होत गेली. उजवी, मग डावी. उजवी, मग डावी. डॉक्टर दोन पावलं मागे सरले. मी मनात मोजलं. आठ.

दीड तासाच्या अंतरावर तो चढत होता. माझ्या गुडघ्यांनी.

परतलो. दुसरीकडे कुठे जाणार? शालूबाईने न विचारताच सांगितलं, एकतीसवर होता.

१४ मे, बुधवार

पहाटे पायऱ्यांच्या तळाशी गेलो. गोकुळ दूध घेऊन आला होता. त्याने पाहिलं, हसला, म्हणाला, काय साहेब, लेखकाले बी लागते काय देव! मी म्हटलं, मापं घेतोय. आणि परत वर आलो. पायांनी.

एका रिक्षावाल्याच्या हसण्यापायी.

बारा. एकोणचाळीस. आता दुखतं. आज पहिल्यांदा दुखलं.

१५ मे, गुरुवार

सत्तेचाळीस. ओसरीपासून पाच पायऱ्या. दिसत काही नाही, पण श्वास ऐकू येतो. दगडाच्या धुळीचा वास. तो खोकतो. पाथरवटांना असतो तसा खोकला.

गुडघ्याची वाटी बोटाला लागते.

उद्या बाराला तो वर पोचेल. मग माझ्याकडे काय उरेल? शालूबाई म्हणते, त्याच्याआधी तुमीच चढा. एक्कावन्न झाल्या की उठून उभे राहा, सुटले. तेवढं उभं राहता आलं पायजे.

पहाटे चढणार. कोणी हसो.

१६ मे, शुक्रवार

साडेपाच. वही खिशात आहे. लिहीत राहिलो तर शुद्ध राहील.

पायरी सात. खळगे गुडघ्यांना बरोबर बसतात. जणू मापं घेऊन

पायरी अठरा. साडेसात. गोकुळ खाली उभा होता. हसला नाही. चप्पल काढून उभा राहिला.

एकतीस. ऊन. शालूबाई वर दारात, हातात तांब्या. मधे पाणी द्यायची रीत नाही. ओरडून म्हणाली, थांबू नोका, हळू या पण या.

चाळीस. साडेदहा झाले? मागे रेघ दिसते. ती माझी आहे.

सेहेचाळीस. पुढची ओली आहे. अजून ओली. तो इथेच थांबलाय कालपासून. त्याच्यातून जायचं —

अठ्ठेचाळीस. गेलो. थंड होतं. भर उन्हात विहिरीत उतरल्यासारखं.

एकोणपन्नास. मागे खर्र. बारा वाजले नाहीत अजून. पण मागे —

पन्नास. तो घाई करत नाही. मी थांबलो की थांबतो.

एक्कावन्न. झालं. नवस झाला. शालूबाई ओरडते आहे, उठा जी, उठा. उठता येत नाही. गुडघे उघडत नाहीत. ते माझं ऐकत नाहीत —

खांद्यावर हात. छिन्नीचे घट्टे. दाबत नाही. नुसता ठेवलाय, आंधळा माणूस ठेवतो तसा.

बारा.

समोर कोरी पायरी. मी हिला सूट म्हटलं होतं. शंभर वर्षं याची एकच राहिली आहे, एवढीशी, वीतभर उंच.

शालूबाई, ओरडू नका.

बरं. चल बे, कडूबा.

उजवा ठेवला. आता डाव